सहा सेंटिमीटरचा आयफेल टॉवर

आयफेल टॉवर वितळवला आणि त्याचं सगळं लोखंड त्याच्याच चार पायांमधल्या चौकोनात ओतलं, तर थर किती उंच होईल? चौकोन १२५ मीटर बाजूचा, लोखंड सुमारे ७,३०० टन. कागद-पेन्सिल घेऊन गणित करून बघा. थर जेमतेम ६ सेंटिमीटरचा होतो. घोटाही धड बुडायचा नाही.

आणखी एक गंमत. टॉवर अख्खा आत मावेल असं एक प्रचंड पिंप कल्पा. त्या पिंपात मावणाऱ्या हवेचं वजन नऊ हजार टनांच्या वर जातं, म्हणजे टॉवरच्या लोखंडापेक्षा जास्त! ३३० मीटर उंचीच्या या वास्तूत बहुतेक जागी काहीच नाही. हे 'काहीच नाही' नेमकं कुठे ठेवायचं, हा स्थापत्यापासून रॉकेटपर्यंत सगळ्या अभियंत्यांना छळणारा प्रश्न आहे.

वजन कमी करायचं म्हणजे माल बारीक करायचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. चार इंचाच्या जागी तीन इंच, की झालं काम. तो कंजूषपणा झाला. खरी काटकसर माल हलवण्यात आहे: जिथे तो बसून खातो तिथून उचलून जिथे राबेल तिथे नेणं.

शाळेतली लांब प्लास्टिकची पट्टी घ्या. तिची दोन टोकं दोन पुस्तकांवर टेकवा आणि मधे बोटाने दाबा. धनुष्यासारखी वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. ढिम्म हलत नाही. पट्टी तीच, वजन तेच, प्लास्टिक तेच. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल, तर उभी पट्टी आडवीपेक्षा शंभरपट ताठ असते.

असं का होतं? कुठलीही तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधोमध एक थर असा असतो जो ना दाबला जातो ना ताणला जातो. तो नुसता पगार खातो. वरचे आणि खालचे थर एकमेकांपासून जितके लांब, तितका त्यांचा जोर जास्त. त्यामुळे मधला माल काढून वर आणि खाली नेऊन ठेवला, आणि दोघांना धरून ठेवण्यापुरती मधे एक पातळ भिंत ठेवली, की इंग्रजी आय अक्षरासारखा गर्डर तयार होतो. पन्हळी पत्र्याचंही तेच. सपाट पत्रा स्वतःच्या वजनानेच लोंबतो, पण तोच पन्हळी करून कौलांच्या जागी टाकला की त्यावरून माणूस चालू शकतो.

एमआयडीसीतून जाताना नव्या कारखान्यांच्या शेडचे सांगाडे उभे राहताना दिसतात. त्यांचे लोखंडी खांब जमिनीपाशी निमुळते आणि वर छताच्या कोपऱ्यापाशी रुंद असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते उलटं वाटतं, कारण आपल्या डोळ्याला खांब खाली जाड असण्याची सवय. पण या शेडमध्ये खांबाचा पाया बिजागरीसारखा सोडलेला असतो, तिथे वाकवणारा जोर जवळजवळ शून्य. तो सगळ्यात जास्त असतो खांब आणि छत जिथे जुळतात त्या कोपऱ्यात. म्हणून पोलाद तिकडे. हे सांगाडे म्हणजे वाकवणाऱ्या जोराचा आलेखच. कागदावर काढण्याऐवजी पोलादात कापलेला.

गोल वस्तूंना हाच नियम लावला की नळी मिळते. २० मिलिमीटर जाडीची भरीव सळई घ्या. तेवढंच पोलाद वापरून ४० मिलिमीटर व्यासाची पोकळ नळी केली, तर तिची भिंत साधारण पावणेतीन मिलिमीटरची होते आणि ती सळईपेक्षा सातपट ताठ असते. वजनात एका ग्रॅमचाही फरक नाही. गॅलिलिओने १६३८ सालीच बोरूच्या काड्या आणि पक्ष्यांची पोकळ हाडं यांचा दाखला देऊन हे लिहून ठेवलं होतं.

मग नळी अजून मोठी आणि अजून पातळ का करत जाऊ नये? तर्क बरोबर आहे, पण एका मर्यादेनंतर नळी वाकण्याआधी तिची भिंतच आत दबते, चुरगळते. शीतपेयाचं स्ट्रॉ वाकवताना ते हळूहळू वाकत नाही, एका जागी चपटं होऊन मुडपतं, ते याचमुळे. बांबूने यावर फार पूर्वीच तोड काढली. त्याच्या पेरापेरांवर आत आडवे पडदे असतात, ते नळीला गोलच ठेवतात. विमानाच्या धडातही ठरावीक अंतरावर गोल कडी असतात. त्यांचं काम हेच.

आता या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ओढणं स्वस्त असतं आणि ढकलणं महाग.

दोरीने १०० किलो वजन टांगायचंय. एक जाड दोरी वापरा किंवा तिचेच शंभर धागे सुटे करून टांगा, दोरीचं एकूण वजन तेवढंच लागतं. ताणाला तुम्ही किती तुकडे केलेत याच्याशी देणंघेणं नाही. पण तेच वजन खालून खांबाने तोलायचं असेल तर गोष्टच वेगळी. सडपातळ खांब चिरडून मोडत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी बाजूला कमान काढून निसटतो. उभी धरलेली पट्टी वरून दाबली की ती फटकन एका बाजूला वाकते, तसंच. अभियंते याला बकलिंग म्हणतात आणि त्याचं गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं. खांबाची उंची दुप्पट केली की तो पूर्वीच्या चौथाई वजनालाच निसटतो.

या गणिताचे परिणाम विचित्र आहेत. एका सडपातळ खांबाऐवजी तेवढ्याच उंचीचे चार बारीक खांब लावून भार चौघांत वाटला, तर चौघांचं मिळून वजन एकाच्या दुप्पट भरतं. शंभर काड्यांत वाटला तर दहापट. म्हणजे ढकलण्याचं काम मोजक्या, दणकट, आखूड मंडळींना द्यावं. ओढण्याचं काम हवं तितक्या जणांत वाटावं. झुलत्या पुलाचे दोन मनोरे गलेलठ्ठ आणि बाकी सगळ्या तारा, हा काही शोभेचा भाग नाही.

बैलगाडीचं चाक आणि सायकलचं चाक शेजारी ठेवून बघा. बैलगाडीचे आरे मनगटाएवढे जाड, कारण खालचा आरा गाडीचं वजन खांबासारखा तोलतो. सायकलचा स्पोक दोनेक मिलिमीटरची तार. तार ढकलून काही होणार नाही, ती लगेच वाकेल. म्हणून सायकलवाला सगळे स्पोक आधीच करकचून ताणून ठेवतो. तुम्ही सीटवर बसलात की खालच्या स्पोकांवर दाब येत नाही, त्यांचा आधीचा ताण फक्त थोडा कमी होतो. दाबाला ताणाच्या वेषात फिरवायचं ही युक्ती लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता परत आयफेलकडे. टॉवरचं मूळ रेखाटन गुस्ताव आयफेलने नाही, त्याच्या कंपनीतल्या मोरिस केश्लिनने १८८४ साली केलं. सोबत एमिल नुगिए होता. केश्लिन झुरिकमध्ये कार्ल कुलमान या प्राध्यापकाच्या हाताखाली शिकलेला. या कुलमानची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १८६६च्या सुमारास त्याने झुरिकमध्येच हेर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाकडे मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. खुब्यापाशी ते हाड भरीव नसतं, आत जाळी असते. कुलमानने पाहिलं की जाळीचे तंतू वेडेवाकडे पसरलेले नाहीत. ते त्याने वाकड्या मानेच्या क्रेनसाठी काढलेल्या रेषांसारखेच जातात. या रेषा म्हणजे क्रेनच्या आत दाब आणि ताण कुठल्या वाटेने वाहतात त्यांचा नकाशा. हाडाने त्या वाटांवरच माल ठेवला होता आणि उरलेली जागा रिकामी सोडली होती.

इंटरनेटवर 'आयफेल टॉवर मांडीच्या हाडावरून बेतलाय' असं बिनधास्त लिहिलेलं सापडतं. ते जरा फारच झालं. टॉवरचा बाहेर झुकत जाणारा आकार वाऱ्याच्या हिशेबातून आला आहे: वाऱ्याचा उलथवणारा जोर खाली येताना वाढत जातो, तसे पाय फाकत जातात. हाडाशी त्याचं नातं आहे ते गुरू-शिष्य परंपरेचं. जोराच्या वाटा कागदावर काढायच्या आणि माल त्याच वाटांवर ठेवायचा, हे कुलमानचं शिकवणं केश्लिनने लोखंडात उतरवलं.

माल त्या वाटांवर ठेवला तरी प्रश्न उरतोच: याहून कमी होणं शक्य आहे का? कुठेतरी तळ असेल ना? हा तळ शोधला मेलबर्नच्या ए. जी. एम. मिशेल या अभियंत्याने, १९०४ साली. त्याचं उत्तर ऐकायला सोपं आहे. सगळ्यात हलक्या सांगाड्यात प्रत्येक काडी सारखीच राबत असते, म्हणजे लांबीच्या मानाने प्रत्येक जण सारख्याच प्रमाणात ताणला किंवा दाबला जातो. एखादा निवांत बसलेला दिसला, तर सांगाडा अजून हलका होऊ शकतो. आणि जिथे ताणाची व दाबाची काडी एकमेकींना छेदतात तिथे त्या काटकोनातच छेदतात. असे सांगाडे कागदावर काढले की पंख्यासारख्या, शिंपल्यासारख्या आकृत्या मिळतात. भिंतीतून बाहेर आलेल्या साध्या ब्रॅकेटसाठीसुद्धा उत्तर म्हणून एखाद्या रांगोळीसारखं काहीतरी समोर येतं.

सुंदर आहे, पण बांधता येत नाही. मिशेलच्या आकृतीत काड्या अगणित असतात आणि जितक्या काड्या तितके सांधे. सांध्याला बोल्ट लागतात, जोडपट्ट्या लागतात, वेल्डिंग लागतं, आणि या सगळ्याला वजन असतं. शिवाय त्याच्या हिशेबात बकलिंग नव्हतंच. पुढची पन्नासेक वर्षं त्या लेखाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. विमानवाल्यांना प्रत्येक किलो महाग पडू लागल्यावर तो पुन्हा बाहेर निघाला. प्रत्यक्षात कुणी मिशेलचा सांगाडा बांधत नाही. त्याचा उपयोग फूटपट्टीसारखा होतो. माझं डिझाइन तळापासून किती वर आहे, एवढं तरी कळतं.

मिशेलने हाताने सोडवलेला प्रश्न संगणकावर सोडवायची वाट १९८८ साली मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांनी दाखवली. कल्पना अशी: ज्या जागेत भाग बसवायचाय ती सगळी जागा आधी भरीव ठोकळा समजायची. त्या ठोकळ्याचे हजारो, लाखो छोटे कप्पे करायचे. भार कुठे येतो आणि आधार कुठे आहे ते सांगायचं. संगणक प्रत्येक कप्पा किती राबतोय ते मोजतो. आळशी कप्प्यांतला माल थोडा कमी करतो, राबणाऱ्यांचा थोडा वाढवतो, आणि पुन्हा मोजतो. अशा शेकडो फेऱ्यांनंतर ठोकळ्यातून जे उरतं ते बघून मूर्तिकाराची आठवण होते. आणि जवळजवळ दर वेळी उरलेली वस्तू हाडासारखी दिसते. कुणीही तिला हाड बघायला सांगितलेलं नसतं.

२०१३ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विमानाच्या इंजिनाच्या एका ब्रॅकेटसाठी जगभर खुली स्पर्धा ठेवली. मूळ ब्रॅकेट २,०३३ ग्रॅमचं. तेवढाच भार पेलणारं सगळ्यात हलकं ब्रॅकेट कोण काढतो? सुमारे सातशे डिझाइन आली. पहिला आला इंडोनेशियातला एम. आरी कुर्नियावान हा तरुण अभियंता. त्याचं ब्रॅकेट होतं ३२७ ग्रॅम! सहा भागांतले पाच भाग त्याने काढून टाकले होते. पुढे २०१७मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या चमूने बोइंग ७७७चा अख्खा पंख शंभर कोटींहून अधिक कप्प्यांत चिरून हाच खेळ महासंगणकावर खेळला. पंखाच्या वजनात बचत झाली २ ते ५ टक्के. ब्रॅकेटमधून ८४ टक्के आणि पंखातून जेमतेम ५, हा फरक मला फार बोलका वाटतो. पंखावर माणसांनी शंभर वर्षं डोकं घासलेलं आहे, तिथे आता फारसं काही सांडलेलं उरलेलं नाही. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटकडे मात्र तोवर कुणी धड पाहिलेलंच नव्हतं.

एवढा खटाटोप कुणी करावा? प्रत्येकाने नाही. गावाकडच्या फॅब्रिकेटरने छताच्या कैचीला सगळीकडे एकाच मापाचा अँगल वापरला, तर तो अडाणी ठरत नाही. दहा मापांचे तुकडे कापून, मोजून, न गोंधळता जोडायची मजुरी वाचलेल्या लोखंडापेक्षा महाग पडते. त्याच्यासाठी कमीत कमी वजन आणि कमीत कमी खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्रोच्या पीएसएलव्हीचं उलट आहे. उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन सुमारे ३२० टन असतं आणि सूर्यसमकालिक कक्षेत ते पोहोचवतं साधारण १,७५० किलो. म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. सगळ्यात वरच्या टप्प्याचा सांगाडा १ किलोने हलका केला, तर थेट १ किलोचं उपकरण जास्त नेता येतं. तिथे माणूस एका ब्रॅकेटवर महिनाभर घालवेल आणि ते योग्यच असेल.

विमान मधे कुठेतरी आहे. प्रवासी विमानाच्या पंखाला नियम असा की उड्डाणात येऊ शकेल अशा सगळ्यात मोठ्या भाराच्या दीडपट भार त्याने सोसलाच पाहिजे. जानेवारी १९९५मध्ये बोइंगने ७७७चा पंख मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला. तो १५४ टक्क्यांवर मोडला, आणि अभियंत्यांनी आनंद साजरा केला. २०० टक्क्यांवर मोडला असता तर त्यांची तोंडं पडली असती. तो जास्तीचा माल पुढची तीस वर्षं प्रत्येक उड्डाणात इंधन जाळत फुकट फिरला असता. २००६ साली एअरबस ए३८०चा पंख १५० टक्के गाठायच्या थोडं आधीच मोडला आणि तिथे थोडी मजबुती वाढवावी लागली. धारेवर चालायचं म्हटलं की पाय कधी या बाजूला पडतो, कधी त्या.

स्वतःच्या वजनाचा हिशेब चुकला तर काय होतं ते कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाने दाखवलं. बांधकामाआधी गाळ्याची लांबी १,६०० फुटांवरून १,८०० फूट केली, पण वाढलेल्या पोलादाचं वजन हिशेबात नीट धरलं नाही. पूल दुसरं काही नाही, स्वतःलाच तोलत होता, आणि तेवढंही त्याला झेपलं नाही. २९ ऑगस्ट १९०७ला दाबाखालचा एक भाग बाजूला निसटला. ७५ कामगार गेले. ओढणारे भाग आपापलं काम करत होते. मोडले ते ढकलणारे.

तळ गाठण्यात मात्र याहून एक छुपा धोका आहे. मिशेल म्हणतो सगळ्यांनी सारखंच राबावं. बकलिंगच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो की सगळ्या प्रकारची मोडतोड एकाच भाराला व्हावी: अख्खा खांब निसटणं आणि त्याची पातळ भिंत चुरगळणं, दोन्ही एकदम. कागदावर तेच सगळ्यात हलकं डिझाइन. पण प्रत्यक्षात या दोन मोडतोडी एकमेकींना हात देतात. भिंतीत नखभर पोचा असला, तर खांब हिशेबाच्या कितीतरी खाली कोसळतो. पातळ नळकांडी गणिताने सांगितलेल्या भाराच्या पाव हिश्श्यालाही बसताना प्रयोगांत दिसत होती आणि का ते कुणाला कळत नव्हतं. वार्नर कोइटरने १९४५ साली आपल्या प्रबंधात याचं उत्तर दिलं. ते डच भाषेत होतं. इंग्रजीत यायला वीसेक वर्षं गेली, आणि तोवर जग त्याच भिंतीवर डोकं आपटत राहिलं.

हे घरी करून बघता येतं. शीतपेयाचा अॅल्युमिनियमचा कॅन घ्या, रिकामा पण कुठेही पोचा नसलेला. त्याचं वजन १३ ग्रॅमच्या आसपास आणि भिंत साधारण ०.१ मिलिमीटर, केसाइतकी. जाड असतं ते फक्त झाकण, कारण सपाट असण्याची किंमत मोजावी लागते. म्हणूनच कॅनची मान अरुंद करून झाकण लहान केलेलं असतं. तळ आत घुमटासारखा वळवलेला असतो, तोही माल वाचवायलाच. कॅन सरळ जमिनीवर ठेवा, बाजूच्याचा खांदा धरा आणि एका पायाने हलकेच, तोल सांभाळत त्यावर उभे राहा. तेरा ग्रॅमचा कॅन तुम्हाला तोलून धरेल. मग दुसऱ्या कुणाला तरी लांब पट्टीने त्याच्या दोन्ही बाजूंना टिचकी मारायला सांगा. बोटाने नको, बोट अडकतं. क्षणात खाली फक्त एक चकती उरते.

न उघडलेल्या कॅनवर हाच प्रयोग केला तर काहीच होत नाही. आतला गॅस भिंतीला बाहेर ढकलत असतो, ती चहूबाजूंनी ताणलेली असते, आणि वरचा दाब आला की तो ताण फक्त थोडा कमी होतो. सायकलच्या स्पोकसारखाच. अमेरिकेचं अ‍ॅटलस रॉकेट याच हिशेबावर बांधलं होतं. त्याच्या टाक्यांचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा इतका पातळ होता की त्या रिकाम्या उभ्या ठेवणंही शक्य नव्हतं. इंधन नसताना आत गॅस भरून दाब कायम ठेवावा लागे, नाहीतर रॉकेट स्वतःच्याच वजनाने जागच्या जागी बसायचं, आणि तळावर एकदा तसं झालंही. त्याच जातीच्या रॉकेटच्या टोकाला बसून १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला.